१७४ बार की ९.४? बंद हायड्रोजन रिॲक्टरमधल्या दाबाचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीच्या एका प्रकल्पगटाने एका टोकाला बंद असलेली ॲल्युमिनाची नळी घेतली: आतला व्यास ६ मिमी, बाहेरचा १० मिमी, लांबी ३०० मिमी. तीत १ ग्रॅम निकेल पावडर आणि ०.१ ग्रॅम लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड (तापवल्यावर हायड्रोजन सोडणारी पावडर) भरले. उघड्या टोकाला फिटिंग लावून तिथून १ मिमी आतल्या व्यासाची मीटरभर स्टीलची कॅपिलरी, म्हणजे बारीक नळी, प्रेशर ट्रान्समीटर या दाब मोजणाऱ्या उपकरणापर्यंत नेली. सगळे आर्गॉनमध्ये बंद केले आणि नळीचा १२० मिमी भाग भट्टीत १००० अंश सेल्सिअसला नेला. कागदावर १७४ बार येतो, ट्रान्समीटर ९.४ दाखवतो. ट्रान्समीटर बिघडला, गळती आहे, की निकेलने हायड्रोजन पिऊन टाकला?

यातला सगळ्यात मोठा फरक या तिघांपैकी कुणामुळेच नाही, तो कागदावरच्या गणितात आहे. उरलेल्या लहान फरकात मात्र शोधण्यासारखे बरेच काही आहे.

आधी १७४ कुठून आला ते पाहू. या हायड्राइडचे मोलर वस्तुमान ३७.९५ ग्रॅम, म्हणून ०.१ ग्रॅममध्ये २.६३५ मिलिमोल. प्रत्येक रेणूत चार हायड्रोजन अणू, म्हणजे पूर्ण विघटन झाले तर ५.२७ मिलिमोल हायड्रोजन वायू. भट्टीतल्या १२० मिमी भागाचे घनफळ ३.४ मिलिलिटर, त्यातून पावडरीचे ०.२ वजा केले की ३.२. एवढ्या जागेत ५.२७ मिलिमोल वायू १२७३ केल्विनला कोंडला तर १७४ बार, आकडेमोड बरोबर आहे. चूक एवढीच, की तुमचा वायू तिथे कोंडलेला नाही. त्याला मागे थंड नळी, कॅपिलरी आणि ट्रान्समीटरची पोकळी मोकळी आहे.

जोडलेल्या पोकळ्यांमध्ये दाब सगळीकडे एकच असतो, तापमान नसते. म्हणून थंड जागेतल्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये गरम जागेपेक्षा कितीतरी जास्त रेणू मावतात. १००० अंशाच्या एका मिलिलिटरच्या तुलनेत ३५ अंशाच्या मिलिलिटरमध्ये चौपटीहून जास्त. तेव्हा प्रत्येक भागाचे घनफळ त्याच्या केल्विनमधल्या तापमानाने भागायचे आणि सगळ्या भागांची बेरीज घ्यायची. या बेरजेला ‘ब’ म्हणू. मग

दाब (बार) = मोल × ८३.१४ ÷ ब

८३.१४ हा वायू स्थिरांक, आणि घनफळ इथे मिलिलिटरमध्ये धरले आहे. हायड्रोजन २० बारच्या आसपास आदर्श वायूपासून जेमतेम एक-सव्वा टक्का सरकतो, त्यामुळे दुरुस्तीची समीकरणे लावायची गरज नाही. तुमचे घनफळाचे माप एवढे अचूक असण्याची शक्यता तशीही कमी.

तुमच्या मांडणीचे भाग असे पडतात. गरम भाग ३.२ मिलिलिटर, १२७३ केल्विन. भट्टीच्या तोंडाशी साधारण ६० मिमी तापमानाच्या उताराचा भाग, १.७ मिलिलिटर. उताराच्या भागाला दोन्ही टोकांची सरासरी लावू नका. तापमान सरळ रेषेत उतरत असेल तर योग्य तापमान म्हणजे दोन टोकांमधला फरक भागिले त्यांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. १२७३ आणि ३०८ साठी ते ६८० केल्विन येते, साधी सरासरी ७९० देते. थंड भागात नळीचे उरलेले १२० मिमी ३.४, कॅपिलरी ०.८, आणि व्हॉल्व्ह, टी (तीन तोंडांचा जोड) व ट्रान्समीटरची पोकळी मिळून २ धरू: एकूण ६.२ मिलिलिटर, ३०८ केल्विनला.

३.२ ÷ १२७३ = ०.००२५१
१.७ ÷ ६८० = ०.००२५०
६.२ ÷ ३०८ = ०.०२०१३
ब = ०.०२५१४

बेरजेतला ८० टक्के वाटा थंड भागाचा आहे. म्हणजेच तुमच्या ‘१००० अंशाच्या रिॲक्टर’मधले दहापैकी आठ रेणू खोलीच्या तापमानाला बसले आहेत. सगळा हायड्रोजन सुटला तरी दाब १७.४ बार. १७४ चा बरोबर दहावा भाग निघाला हा निव्वळ योगायोग, त्यात नियम शोधू नका.

या बेरजेचा एक परिणाम पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. भट्टी १००० वरून ९०० वर आणली तर दाब दीड टक्का उतरतो. थंड भाग ३५ वरून ४५ अंशावर गेला तर मात्र अडीच टक्क्यांहून जास्त चढतो. भट्टीच्या शंभर अंशांपेक्षा खोलीचे दहा अंश भारी पडतात. मे महिन्यात सांगलीत दुपारी प्रयोगशाळा ३५ अंशावर असते आणि पहाटे २५ वर येते. १३ बारच्या दाबात एवढ्यानेच साडेतीन दशांश बारचा फरक पडतो. रात्रभरात दाब उतरला म्हणून फिटिंग आवळत बसण्याआधी थंड भागावर, ट्रान्समीटरच्या अंगाला, दुसरे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा. भट्टीतल्या थर्मोकपलपेक्षा दाबाच्या हिशेबाला हेच जास्त उपयोगी. भट्टीच्या तोंडाजवळचे फिटिंगही हाताने पाहा. ते ‘थंड’ म्हणून धरलेले असते आणि प्रत्यक्षात ८० अंशाला तापलेले निघते. तिथे छोटा पंखा लावला तर गणितही सुधारते आणि सीलही टिकते.

आता मुळात किती हायड्रोजन सुटतो ते. हे हायड्राइड तीन टप्प्यांत मोडते. साधारण १५० ते १७५ अंशांदरम्यान पहिला टप्पा, वजनाच्या ५.३ टक्के हायड्रोजन. १८० ते २२० च्या आसपास दुसरा, २.६ टक्के. या दोन टप्प्यांत चारपैकी तीन अणू बाहेर पडतात आणि मागे लिथियम हायड्राइड व ॲल्युमिनियम उरते. चौथा अणू लिथियमने घट्ट धरलेला असतो. नुसते लिथियम हायड्राइड ६८९ अंशाला वितळते आणि त्याचा विघटनदाब एक बारपर्यंत पोहोचायला ९०० च्या वर जावे लागते. ॲल्युमिनियम शेजारी असल्यामुळे हे बरेच आधी, ४०० अंशांच्या आसपास सुरू होऊ शकते, पण कुठपर्यंत जाईल हे वर आधीच साचलेल्या हायड्रोजनच्या दाबावर ठरते. दाब जास्त असेल तर तिसरा टप्पा अर्ध्यावर थांबतो. म्हणून एक आकडा न धरता दोन धरायचे. दोन टप्प्यांसाठी ३.९५ मिलिमोल आणि १३.१ बार, तिन्ही टप्प्यांसाठी ५.२७ मिलिमोल आणि १७.४ बार. हायड्रोजनचा खरा दाब या पट्ट्यात किंवा त्याखाली हवा. वर गेला तर वजनात, घनफळात किंवा ओलाव्यात चूक आहे.

मग ९.४ चे काय? ट्रान्समीटरवर ‘गेज’ लिहिले आहे की ‘ॲब्सोल्युट’, हे पाहिले का? गेज दाब हवेच्या दाबापासून पुढे मोजलेला असतो, ॲब्सोल्युट म्हणजे निरपेक्ष दाब निर्वातापासून. सूत्रात निरपेक्ष दाबच लागतो. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तिथे हवेचा दाब ०.९५ बारच्या घरात. पाठ्यपुस्तकातला १.०१३ मिळवलात तर थोडा फरक पडतोच. तुमचा ९.४ गेज असेल तर निरपेक्ष दाब १०.३५ बार.

त्यातून आर्गॉन वजा करायचा. हवेच्या दाबाला ३५ अंशावर बंद केले तर ११.१ मिलिलिटरमध्ये ०.४१ मिलिमोल आर्गॉन राहतो आणि चालू स्थितीत तो १.३६ बार भरतो. उरतो ८.९९ बार, म्हणजे सूत्र उलटे फिरवून २.७२ मिलिमोल हायड्रोजन. किमान अपेक्षा ३.९५ ची होती. १.२३ मिलिमोल, म्हणजे सुमारे ३१ टक्के, कमी आहे. १७४ आणि ९.४ मधल्या प्रचंड दरीतून शोधण्याजोगे खरे एवढेच उरते.

ही तूट सुरुवातीपासून होती की नंतर पडली, हे नोंदवहीतल्या एका आकड्यावरून कळते: तापवताना २०० ते २२० अंशाला थांबला होतात तेव्हाचा दाब. २०० अंशाला ब ची किंमत ०.०३१३ होते. दोन टप्पे पूर्ण झाले असतील तर आर्गॉनसकट निरपेक्ष ११.६, गेजवर १०.६ बार दिसायला हवे होते. तिथेच ७.४ दिसले असेल तर हायड्राइड मुळातच कमी होते किंवा खराब होते. १०.६ दिसून नंतर उतरले असेल तर वायू पुढे कुठेतरी गेला. त्या तापमानाला थांबलाच नसाल तर पुढच्या वेळी मिनिटाला २ अंशांच्या गतीने चढवा आणि २२० ला दाब स्थिर होईपर्यंत थांबा. आलेखही दाबाचा काढू नका. प्रत्येक नोंदीला दाब गुणिले ब भागिले ८३.१४ करून मोलचा काढा. दाबाचा आलेख भट्टी, ऊन, पंखा सगळ्यांबरोबर हलतो. मोलचा आलेख वायू खरोखर आला किंवा गेला तरच हलतो.

सुरुवातीपासून तूट असेल तर संशय आधी वजनावर. ०.१ ग्रॅम मोजायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घेतला तर तिथेच दहा टक्के गेले. सराफ कट्ट्यावर चालेल तो काटा इथे चालत नाही, दशांश मिलिग्रॅम दाखवणारी ॲनालिटिकल बॅलन्स लागते. दुसरा संशय पावडरीवर. बाजारात मिळणारे हायड्राइड साधारण ९५ टक्के शुद्धतेचे असते आणि एकदा बाटली उघडली की हवेतला ओलावा खात जाते. पांढरी पावडर करडी पडली असेल तर तिने काही हायड्रोजन आधीच सोडला आहे. पावसाळ्यात ही बाटली उघड्या टेबलावर उघडायचीच नाही, कोरड्या आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्येच.

ओलावा उलट दिशेनेही फसवतो. पाण्याशी हे हायड्राइड जोरात अभिक्रिया करते आणि पाण्यातलाही हायड्रोजन मोकळा होतो. घनफळ मोजायला नळीत पाणी भरले आणि एक थेंब, ०.०५ ग्रॅम, कोपऱ्यात राहिला तर तो २.८ मिलिमोल हायड्रोजनची भर घालू शकतो, म्हणजे ९ बार. शिवाय भरतानाच पेट घेण्याचा धोका वेगळा. पाण्याने मोजलेली नळी निर्वातात किंवा कोरड्या आर्गॉनच्या प्रवाहात १५० अंशाला काही तास वाळवल्याशिवाय तीत हायड्राइड घालू नका.

म्हणून घनफळ वायूनेच मोजलेले बरे. माहीत असलेली १० मिलिलिटरची कुपी घ्या, तिच्यात आर्गॉन ३.०० बार निरपेक्ष भरा, रिॲक्टर निर्वात करा, मधला व्हॉल्व्ह उघडा. दाब १.४२ वर स्थिरावला तर रिॲक्टरचे घनफळ १० × (३.०० − १.४२) ÷ १.४२, म्हणजे ११.१ मिलिलिटर. यासाठी ० ते २५ बारचा ट्रान्समीटर वापरू नका. त्याची अर्धा टक्का अचूकता म्हणजे ०.१२५ बार, १.४२ च्या मापात ती नऊ टक्के होते. ० ते ४ बार निरपेक्ष, पाव टक्क्याचा लावला तर चूक एक-दीड टक्क्यावर येते. कुपीसुद्धा रिॲक्टरच्या जवळपासच्या मापाची हवी, ५०० मिलिलिटरच्या कुपीतून ११ मिलिलिटरचा पत्ता लागत नाही.

आता दुसरी शक्यता: वायू होता आणि नंतर गेला. निकेलवर सगळे जण आधी बोट ठेवतात, पण १००० अंशाला १ बारखाली एक ग्रॅम निकेल हायड्रोजन विरघळवते ते मिलिलिटरच्या दहाव्या भागाच्या घरात. विरघळणे दाबाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढते, म्हणून १३ बारला साडेतीन पट धरा. तुमच्याकडे प्रमाणित स्थितीत ८८ मिलिलिटर हायड्रोजन आहे. त्यातून एक तृतीयांश मिलिलिटर गेला तर ट्रान्समीटरला जाणवणारही नाही. निकेल निर्दोष आहे.

लिथियम मात्र निर्दोष नाही. १००० अंशाला त्याची वाफ गरम भागातून निघते, उताराच्या भागात थंड होते आणि तिथे हायड्रोजन पुन्हा धरून ठेवते. ती ॲल्युमिनाच्या भिंतीलाही खाते. प्रयोगानंतर नळी कापली की भट्टीच्या तोंडाशी जिथे करडे कडे दिसते, तिथे हेच घडलेले असते. हा वायू गळालेला नसतो, अडकलेला असतो.

नळी ॲल्युमिनाऐवजी ३१६ या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची असती तर पहिला संशय झिरपण्यावर घेतला असता. हायड्रोजन अणू होऊन तापलेल्या स्टीलमधून आरपार जातो, त्याला भोक लागत नाही. याच मापाची नळी ९०० अंशाला, १३ बारला, पृष्ठभाग स्वच्छ असेल तर पहिल्या तासातच ३.९५ पैकी सुमारे दीड मिलिमोल बाहेर सोडते. बाहेरून ऑक्साइडचा थर चढला की हा वेग दहापट किंवा त्याहून जास्त घटतो. म्हणून एकच नळी पहिल्या आणि पाचव्या वेळी वेगळी वागते. ताकदीचा प्रश्न तर वेगळाच. ३१६ चा मान्य ताण खोलीच्या तापमानाला सुमारे १३८ मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे १० बार), एएसएमई या अमेरिकी यंत्र अभियंत्यांच्या संस्थेचा तक्ता ८१६ अंशाला संपतो तिथे जेमतेम ९. तुमच्या मापाच्या नळीत आतल्या पृष्ठावरचा ताण दाबाच्या २.१ पट येतो, म्हणजे ८१६ अंशालाच ४० बारच्या वर जायचे नाही. ९०० किंवा १००० साठी त्या तक्त्यात आकडाच नाही.

साधी गळती थंड असताना तपासा: आर्गॉन १५ बारला भरून रात्रभर ठेवा, थंड भागाच्या तापमानाची दुरुस्ती करून मोल जुळवा. आर्गॉन टिकला म्हणजे हायड्रोजन टिकेलच असे नाही, अतिसूक्ष्म छिद्रातून तो साडेचारपटीपर्यंत वेगाने जातो. शेवटी नळी पूर्ण गार झाल्यावरचा दाब नोंदवा. ३५ अंशाला ब = ०.०३६०, सगळे शाबूत असेल तर गेजवर ९.१ बार, आणि फक्त २.७२ मिलिमोल उरले असतील तर ६.३. गरम असताना जुळलेले मोल गार झाल्यावर कमी भरले तर लिथियमने परत घेतलेला भाग त्यात आहे हे धरून चाला.

ट्रान्समीटरबद्दलही एक. साध्या ट्रान्समीटरचा पातळ स्टील पडदा आणि मागचे सिलिकॉन तेल हायड्रोजनखाली कालांतराने शून्य सरकवतात, कारण हायड्रोजन पडद्यातून तेलात शिरतो. प्रत्येक प्रयोगाआधी आणि नंतर हवेच्या दाबाला शून्य तपासा. खूप दिवस चालवायचे असेल तर सोन्याचा मुलामा असलेला पडदा मिळतो, तो घ्या.

सगळ्यात धोक्याची चूक मात्र वेगळीच आहे, आणि तिच्यात गेज नेहमीपेक्षा शांत दिसते. हायड्राइड मोडताना फेसाळते, बारीक पावडर उडते आणि कॅपिलरीचे तोंड बुजते. मग ट्रान्समीटर मागच्या अडकलेल्या वायूचा दाब दाखवत राहतो. बूच कॅपिलरीच्या तोंडाशी बसले आणि ३.९५ मिलिमोल आतच राहिले तर नळीत २० बार होतात. बूच भट्टीच्या तोंडाशी, थंड नळीच्या अलीकडे बसले तर ६५. थंड बाजूला लावलेला रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारा) दोन्ही वेळी काहीच करू शकत नाही. ओळख अशी: भट्टी १५० ते २२० मधून गेली तरी दाब चढला नाही, किंवा भट्टीचे तापमान बदलूनही आकडा पाव टक्काही हलत नाही. अशा वेळी भट्टी बंद करून ढालीमागे थांबायचे, फिटिंगला हात लावायचा नाही. उपाय सोपा आहे: पावडर आणि थंड भाग यांच्यामध्ये क्वार्ट्झ वूलचा सैल बोळा, आणि पावडर नळीच्या उंचीच्या निम्म्याहून वर नाही. पॉलिकार्बोनेटची ढाल कायम. शेजारी कोरडी वाळू ठेवा. या पावडरीच्या आगीवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरू नका.

दाब मुद्दाम कमी ठेवायचा असेल तर थंड बाजूला ५० मिलिलिटरची रिकामी बाटली जोडा. तिन्ही टप्पे पूर्ण होऊनही हायड्रोजनचा दाब २.३ बारच्या वर जात नाही.

या मिश्रणातून जादा उष्णता मिळते, हा दावा तपासायला तुम्ही निघाला असाल तर, २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, गूगलने खर्च उचललेल्या अभ्यासात निकेल-हायड्रोजनच्या ४०० हून अधिक नमुन्यांत तसा पुरावा मिळाला नाही. तरीही करणार असाल तर कोरा प्रयोग, म्हणजे हायड्राइडशिवाय तुलनेसाठी केलेला, आर्गॉनवर करू नका. हायड्रोजन आर्गॉनच्या दहापट उष्णता वाहून नेतो, दोन नळ्या वेगळ्या तापल्या तर त्यात नवल नाही. कोऱ्या नळीतही हायड्रोजनच भरा, तेवढ्याच मोलचा.

गटाने शेवटी विचारले आहे की दोन्ही टोके वितळवून बंद केलेल्या, गेज नसलेल्या कुपीत हेच करता येईल का. तिथे थंड भाग नाहीच, म्हणजे तुमचे पहिले गणित तिथे लागू पडते आणि सगळा हायड्रोजन सुटला तर ०.१ ग्रॅमला खरोखर १७४ बार होतात. उलट दिशेने जा: ३.२ मिलिलिटरच्या कुपीत १००० अंशाला २० बारची मर्यादा घातली तर ०.६ मिलिमोल हायड्रोजन मावतो, म्हणजे हायड्राइड ११ मिलिग्रॅम, आर्गॉन निर्वात करून. गार झाल्यावर आत किती उरला ते पाहायचे तर कुपी निर्वात केलेल्या, माहीत घनफळाच्या भांड्यात फोडायची आणि भांड्याचा दाब वाचायचा.